कोकमाचा पेला

आईच्या पहिल्या केमोच्या दिवशी संध्याकाळी बाबांनी तिला कोकम सरबत करून दिलं. मे महिन्यात तिनेच गावाला रातांबे फोडून, त्यांच्या वाट्यांत साखर भरून, बरण्यांना फडकी बांधून अंगणात उन्हात ठेवल्या होत्या. त्यातली एक बरणी गुहागरहून डोंबिवलीपर्यंत मांडीवर घेऊन ती आली होती. उपचारांसाठी येतोय हे माहीत होतं, तरी बरणी आलीच. स्टीलचा पेला, चिमूटभर मीठ, जिऱ्याची पूड. आई एका दमात प्यायली आणि म्हणाली, "आत्ता कुठे जिवाला बरं वाटलं."

पहाटे चारला ती उठून बसली. "अगो, ढवळतंय," एवढंच म्हणाली आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत सगळं बाहेर आलं. लाल. आदल्या दिवशी सकाळी शिरेतून दिलेलं केमोचं औषधही लालच होतं. अ‍ॅड्रियामायसिन. वॉर्डात त्याला सगळे नुसतं 'लाल औषध' म्हणतात. नर्स शेजारी स्टूल ओढून बसते आणि सिरिंजमधून ते सावकाश सोडते. नळीतून ते आपल्या हाताकडे येताना पेशंटला दिसत राहतं. पुढचे एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरलो नाही. कोकमाबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फ्रिज उघडला, आईला बरणी दिसली आणि तिने तोंड फिरवलं. पाच मिनिटांत परत उलटी. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी.

आम्हाला वाटलं, सरबत बाधलं. कोकमाचा यात काही दोष नव्हता हे कळायला मला पुढच्या दोन केमो लागल्या.

या त्रासाला मराठीत किती शब्द आहेत हे मी त्या पावसाळ्यात मोजलं. मळमळतं, ढवळतं, उमासे येतात, तोंडाला पाणी सुटतं, शिसारी येते, जीव घशाशी येतो. आई यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी वापरत नसे. ढवळतंय म्हणजे अजून वेळ आहे, खिडकी उघड. तोंडाला पाणी सुटलं म्हणजे तसराळं जवळ आण. उमासे म्हणजे आता बोलू नकोस, नुसती जवळ थांब. आणि 'शिसारी' हा शब्द तिने फक्त वासांसाठी राखून ठेवला होता. ओपीडीत मात्र एकच प्रश्न असायचा, उलट्या किती वेळा झाल्या? आई खरं उत्तर द्यायची, "दोनदाच." डॉक्टर लिहून घ्यायचे. त्या दोन उलट्यांच्या मधले अठरा तास कुठल्याच कागदावर यायचे नाहीत.

डॉक्टर वाईट नव्हते, उलट फार समजूतदार होते. सुरुवातीलाच त्यांनी आईला विचारलं होतं, "गरोदरपणात उलट्यांचा त्रास झाला होता का?" आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्या वेळेला सहा महिने." त्यांनी मान हलवली. ज्या बायकांना गरोदरपणी फार उलट्या होतात किंवा ज्यांना गाडी लागते, त्यांना केमोतही हा त्रास जास्त होण्याची शक्यता असते. म्हणजे मी पोटात असताना तिच्या शरीराने जे केलं, तेच आता पुन्हा करायचं ठरवलं होतं. ही गोष्ट मला बरेच दिवस लागून राहिली.

त्यांनीच एकदा कागदावर आकृती काढून समजावलं होतं. केमोचं औषध अंगात गेलं की लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी दुखावतात आणि सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. व्हेगस नावाची नस तो निरोप मेंदूच्या तळाशी पोचवते. तिथे रक्तातलं विष ओळखणारी एक जागाही आहे. दोन्हीकडून एकच हुकूम सुटतो, बाहेर टाक. शरीराच्या दृष्टीने ते बरोबरच वागत असतं, त्याला विषबाधा झालेली असते. १९९० च्या आसपास ऑन्डान्सेट्रॉन नावाचं उलटीवरचं औषध आलं. ते सेरोटोनिनचा हा निरोप वाटेतच अडवतं. त्याआधी काही औषधांनी इतक्या उलट्या व्हायच्या की माणसं उपचार अर्धवट सोडून द्यायची. त्या दिवसांच्या मानाने आईची केमो खूपच सुसह्य होती, हे मी कधीही नाकारणार नाही.

हे अशासाठी सांगते, की आमच्याकडे मधे एक चूक झाली. कुणीतरी नातेवाइकाने आईच्या डोक्यात भरवलं की एवढ्या गोळ्या कशाला, आल्याचा रस घ्या. उलटीच्या गोळ्यांनी तिला बद्धकोष्ठही झाला होता, तो तसा होतोच. दुसऱ्या केमोनंतर तिने गोळ्या उशीखाली ठेवल्या आणि मला सांगितलं, घेतल्या. त्या रात्री सात उलट्या झाल्या. सकाळी उभी राहिली तर डोळ्यांपुढे अंधारी. सलाईन लावायला न्यावं लागलं. त्यानंतर मी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: चोवीस तास पाणीसुद्धा ठरलं नाही, लघवी गडद झाली, चक्कर आली, उलटीत रक्त दिसलं, ताप १००.४ च्या वर गेला, तर वाट बघायची नाही, निघायचं. मी पुढे ज्या सगळ्या घरगुती गोष्टी सांगणार आहे, त्या गोळी घेतल्यानंतरच्या आहेत. गोळी उलटी थांबवते. मळमळ बऱ्याच अंशी मागे उरते, आणि ती उरलेली मळमळ घराच्या वाट्याला येते.

त्या सात उलट्यांच्या रात्री मी तिचं कपाळ धरून बसले होते. आपल्याकडे ओकणाऱ्या माणसाचं कपाळ धरतात, एक हात कपाळावर, एक पाठीवर. लहानपणी गावाला जाताना कशेडी घाट सुरू झाला की मला हमखास गाडी लागायची. एसटीच्या खिडकीशी आई माझं कपाळ असंच धरायची. कनवटीला आवळा सुपारी असायची. हातात लिंबू द्यायची आणि म्हणायची, "नखाने जरा खरवड नि हुंग. खाली बघू नको, लांब डोंगराकडे बघ." कपाळ धरल्याने नक्की काय होतं, मला शास्त्र माहीत नाही. ओकताना डोकं खाली ओढलं जातं, मान लुळी पडते, आणि कुणीतरी ते वजन उचलून धरलेलं असतं. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या तळव्याला लागला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तिचे केस गेलेत. कपाळ कुठे संपतं ते हाताला कळेना.

घरात सर्वांत मोठी लढाई फोडणीशी होती. तेलात मोहरी तडतडली, हिंग पडला, लसूण लाल झाला की आपल्याला भूक लागते, आईला शिसारी यायची. पहिल्यांदा मी स्वयंपाकघराचं दार लावलं, पंखा उलटा फिरवला. उपयोग नाही, कारण आमच्या इमारतीत डक्ट आहे आणि खालच्या चार मजल्यांच्या फोडण्या त्यातून वर येतात. एके दुपारी कुणीतरी सुकट भाजलं. सुकटाच्या वासावर आईचं बालपण गेलेलं, आणि ती उशीत तोंड खुपसून रडत होती. मला ते बघवेना. मी खाली गेले, एकेक दार वाजवलं आणि सरळ सांगितलं, दर तीन आठवड्यांनी पाच दिवस असा असा त्रास असतो. मला वाटलं होतं लोक मनाला लावून घेतील. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि म्हणाल्या, "तारखा सांग." त्यांनी आईच्या पुढच्या सगळ्या केमो आपल्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाने लिहून घेतल्या. त्या दिवसांत मासळी तळायची नाही, भाजायची नाही. त्यांच्या मुलाने एकदा बोंबील मागितले तर त्याला म्हणाल्या, शुक्रवारनंतर.

कॅलेंडरची कल्पना मी उचलली आणि आमच्याही कॅलेंडरवर खुणा करायला लागले. मळमळ आली की वेळ लिहायची, आधी काय खाल्लं, कसला वास आला ते. त्यातून चित्र हळूहळू दिसायला लागलं. पहिला दिवस बरा जायचा. सोबतची स्टिरॉइडची गोळी संपली की तिसऱ्या दिवसापासून ढवळायला सुरुवात, पाचव्यापर्यंत. सकाळी रिकाम्या पोटी सगळ्यांत वाईट. म्हणून उशाशी चुरमुऱ्यांचा डबा ठेवला. डोळे उघडल्यावर आडव्यानेच चार चुरमुरे चघळायचे, मग पाच मिनिटांनी उठायचं. एवढ्याने सकाळचे उमासे निम्म्यावर आले.

खाण्याबद्दल सांगायचं तर आम्ही आईच्या लहानपणात परत गेलो. उकड्या तांदळाची पेज, तीही कोमट झाल्यावर. गरम अन्नाला वास फार येतो, निवलेल्याला येत नाही, हे एकदा कळल्यावर आम्ही तिच्यासाठी वाफाळतं काही आणलंच नाही. साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून ते पाणी गाळून मीठ-साखर घालून घोट घोट. पेलाभर नाही, दर दहा मिनिटांनी चमचाभर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. दिवसातून सात-आठ वेळा मूठमूठभर. तोंडात सतत लोखंडासारखी चव येते म्हणायची, म्हणून स्टीलचा चमचा गेला आणि बाबांनी बाजारातून लाकडी चमचा आणला. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, पाठीला तक्क्या लावून बसायचं. लिंबाच्या पाण्याचा बर्फ करून त्याचे खडे चघळायला. आलंही होतंच. आल्याचा इवलासा तुकडा आणि सैंधव. २०१२ साली अमेरिकेत ५७६ पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आलं केमोच्या तीन दिवस आधीपासून दिलं तर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. त्या सगळ्यांना नेहमीच्या गोळ्याही चालू होत्या, हे आम्हाला आल्याचा रस सुचवणाऱ्यांनी ऐकायला हवं होतं. आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी असतील तर जास्त आलं चालत नाही, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच. उसाचा रस, कच्च्या कोशिंबिरी, कुणी पाठवलेले काढे यांना मी दारातूनच परत पाठवलं. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, पोटात गेलेला साधा जंतूही महागात पडतो.

बाबांचं काम वेगळंच होतं. एका नर्सने त्यांना मनगटावरची जागा दाखवली होती. तळहात वर करायचा, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मागे मोजायची, तिथे मधे दोन दोऱ्यांसारखे स्नायुबंध हाताला लागतात, त्यांच्या मधोमध अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं. चिनी वैद्यकात त्या जागेला नेइगुआन म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी केमोच्या मळमळीवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो असं मत दिलं होतं. नुसतं बोटाने दाबण्याबद्दलचे निष्कर्ष मात्र सगळे एका बाजूचे नाहीत. आमच्याकडे निष्कर्ष असा, की आईच्या हिरव्या बांगड्या बरोबर त्या जागेवर यायच्या. हात बारीक झाला होता, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. बाबा आधी एकेक बांगडी वर करायचे, किणकिण व्हायची, मग तीन बोटं मोजायचे. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्या दोघांना कधी हातात हात घेऊन बसलेलं पाहिलं नव्हतं. बाबा घड्याळाकडे बघत तीन मिनिटं दाबायचे आणि आई डोळे मिटून घ्यायची. यातलं किती त्या जागेचं आणि किती बाबांच्या हाताचं, हे वेगळं काढायची मला गरज वाटत नाही.

मग तिसरी केमो आली आणि आमचं सगळं शहाणपण लिफ्टमध्ये संपलं.

आई टॅक्सीत बसल्यापासून गप्प होती. टॅक्सीत अत्तरासारखा वास येणारी बाटली लटकवलेली होती, ती मी काढायला सांगितली. हॉस्पिटलच्या फाटकापाशी तिने माझा हात घट्ट धरला. लिफ्टचं दार बंद झालं, फिनाईल आणि स्पिरिटचा वास आला, आणि तिला भडाभडा उलटी झाली. औषध अजून अंगात गेलेलंही नव्हतं. मी पिशवी शोधत होते आणि माझ्याआधी एका अनोळखी बाईने पुढे होऊन आईचं कपाळ धरलं. डोक्याला रुमाल बांधलेला, म्हणजे तीही पेशंटच. "होता है माई, होता है," म्हणत राहिली. नंतर बाकावर बसल्या बसल्या कळलं, ती बिहारहून आली होती आणि दादरच्या धर्मशाळेत राहत होती. तिच्या खोलीत आणखी माणसं, शेजारी कुणाचा तरी स्टोव्ह, कुणाची तरी डाळ. मी तिच्याशी बोलताना माझ्या चार मजल्यांच्या दारांचा विचार करत होते. परळ-दादरच्या भागात अशी कितीतरी माणसं महिनोन्महिने राहतात, काही तर फूटपाथवर. वास बंद करायला त्यांना दारच नसतं. मळमळीचं घरगुती व्यवस्थापन म्हणून जे काही मी लिहिते आहे त्याला आधी एक घर लागतं, हे तिथे बसून मला कळलं. चौथ्या केमोला जाताना मी लाह्यांचं पाणी दोन बाटल्यांत नेलं, पण ती भेटली नाही. तिची तारीख वेगळी असावी.

लिफ्टमधल्या उलटीला नाव आहे: आधीच येणारी, अपेक्षेने येणारी मळमळ. घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट शाळेत वाचलेली असते, ती इथे माझ्या आईच्या पोटात चालू होती. वास, फाटक, लिफ्ट, लाल रंग, ज्याच्या ज्याच्या सोबत त्रास झाला त्याची शरीराने नोंद ठेवली होती. अशा मळमळीवर गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. इथे खरोखरच औषधावाचूनचे उपाय पुढे असतात. गॅरी मॉरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये दाखवून दिलं होतं, की आधी अंग सैल सोडायला शिकवायचं आणि त्या सैल अवस्थेत हॉस्पिटलकडे जाण्याची एकेक पायरी मनात आणायची, तर ही आधीची मळमळ कमी होते.

हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी आईला तेच शिकवलं. पायाची बोटं आवळा, सोडा. पोटऱ्या आवळा, सोडा. असं कपाळापर्यंत. मग डोळे मिटून एखादी आवडती जागा आठवा. आई म्हणाली, "आमची पाखाडी." बाईंना पाखाडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आईने समजावून सांगितलं, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, घरापासून खाली समुद्रापर्यंत. किती आहेत? आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एकशे सोळा. बाराव्या पायरीला फणस आहे, चाळिसाव्याला वळण, तिथून पुळण दिसते." त्या जागी बसूनच तिचा श्वास लांब झाला होता.

पुढचे वीस दिवस आम्ही रोज संध्याकाळी पाखाडी उतरलो. मी मोजायचे, ती सांगायची काय दिसतं. शेवटच्या आठवड्यात बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्या पायऱ्यांवर हॉस्पिटल आणलं. फणसाशी टॅक्सी. वळणावर फाटक. साठाव्या पायरीला लिफ्टचं दार. कुठेही ढवळलं की मागे चार पायऱ्या चढून परत यायचं, पुन्हा अंग सैल सोडायचं, पुन्हा उतरायचं. एकदा लिफ्टच्या पायरीपाशी आम्ही चार संध्याकाळी अडकलो. चौथ्या केमोला खऱ्या लिफ्टमध्ये आई डोळे मिटून ओठ हलवत होती. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "त्र्याऐंशी." उलटी झाली नाही. मळमळलं, हो. पण तसराळं लागलं नाही.

कोकमाचं कोडं मला याच काळात सुटलं. सिॲटलच्या संशोधक आयलीन बर्नस्टाईन यांनी १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या लहान मुलांना उपचाराच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं होतं. नंतर त्या मुलांनी ते आइस्क्रीम टाळलं. आइस्क्रीमने काहीही केलेलं नव्हतं. ते फक्त चुकीच्या वेळी तिथे होतं. पुढे १९८७ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्याबरोबर उलटं करून पाहिलं. जेवण आणि केमो यांच्या मधे मुलांना एक तीव्र चवीची गोळी द्यायची. मग शरीर आळ त्या गोळीवर घेतं आणि रोजचं अन्न वाचतं. बळीचा बकरा हाच शब्द त्यांनीही वापरला आहे.

हे वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. पहिल्या संध्याकाळी आपण प्रेमाने तिला तिची सर्वांत लाडकी गोष्ट दिली, आणि नेमकी तीच गेली. कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही त्या दिवशी तिला परक्या चवीचं काहीतरी दिलं असतं. म्हणून मी आता ज्यांच्या घरी केमो सुरू होणार आहे त्यांना भेटले की हे आधी सांगते: त्या दिवशी आवडीचं काही देऊ नका. पुरणपोळी, आंबा, माहेरचं लोणचं, काही नाही. ते सगळं नंतरसाठी जपून ठेवा. चौथ्या केमोला जाताना आम्ही कॉफीच्या चवीच्या गोळ्या नेल्या. आई जन्मभर चहावाली. त्या दिवशी तिने तीन गोळ्या चघळल्या. आजही कॉफीचा वास आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते आणि आमचं काहीही बिघडत नाही.

त्या लाल औषधाचा उगम मी नंतर वाचला. इटलीत एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्म जंतूपासून ते निघालं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला नाव मिळालं. आईला सांगितलं, तुझं औषधही समुद्राकाठच्या मातीतलंच आहे. ती म्हणाली, "मग आमच्या मातीसारखंच लाल असणार."

पुढचे बारा आठवडे दुसरं औषध होतं, त्याने मळमळ फार झाली नाही; बोटं बधिर झाली, ती गोष्ट निराळी. याला चार वर्षं झाली. केस आधी कुरळे आले, मग सरळ झाले. पेज सुटली, सुकट परत आलं. पहिल्यांदा तिने स्वतःहून सुकट भाजायला सांगितलं तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फोन करून सांगितलं आणि त्या वर येऊन जेवून गेल्या. कोकम मात्र परत आलं नाही. आमटीत आमसूल चालतं, सोलकढीतही थोडं, पण पेल्यातला तो लाल रंग नाही.

तरी दर मे महिन्यात ती रातांबे फोडते. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला काही लागू नये म्हणून रबरी हातमोजा घालते आणि दुसऱ्या हाताने वाट्यांत साखर भरते. बरण्यांची फडकी सोडायचं काम बाबांचं. यंदा पाक गाळून झाल्यावर तिने स्वतः पेला भरला, हात लांब धरून, तोंड जरा बाजूला करून, आणि माझ्या मुलीला हाक मारली.

"बघ गो, कसं झालंय."

मुलीने एक घोट घेतला. आई तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मीठ हवंय आजी."

आईने डब्यातून चिमूट घेतली आणि पेल्यात सोडली.